ताप उतरल्यानंतर

टॅक्सी येऊन उभी राहिली तरी सायली माझ्या सुटकेसवरून उठेना. सायली माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तेव्हा सतरा वर्षांची होती. चारकोपच्या आमच्या सोसायटीतली अर्धी माणसं दारात जमली होती आणि बाबा प्रत्येकाला सांगत होते, की मोठी जर्मनीला चाललीय, मेंदूवर संशोधन करायला. आता धाकटीवर औषध शोधूनच येईल. मी त्यांना अडवलं नाही. खोटं होतं, पण ऐकायला बरं वाटत होतं.

सायलीने विचारलं, "ताई, किती दिवस लागतील गं औषधाला?"

"लागतील थोडे," मी म्हटलं, आणि तिला हाताला धरून उठवलं. अशी मी घरातून निघाले.

सायली बारा दिवसांची असताना तिला ताप आला होता. मला तो दिवस आठवतो, कारण तिचं रडणं बदललं होतं. एरवी भुकेने रडायची तशी नाही, बारीक, चिरकी कळ यावी तशी. मग तेही थांबलं. अंगावर घेतलं तरी ती दूध ओढेना. आई तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी थेंब लिहून दिले आणि उद्या बघू म्हणाले. बाबा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते, त्यांची दुसरी पाळी होती. ते आल्यावर ठरवू, असं आईने ठरवलं. ते आल्यावर सकाळी जाऊ, असं ठरलं. सकाळी सायलीला झटका आला. मोठ्या हॉस्पिटलात मेंदूज्वर म्हणाले. तीन आठवड्यांनी आई तिला घेऊन घरी आली, नजर काढली, आणि शेजारणींना सांगत राहिली, "ताप उतरला गो, देवान राखल्यान."

त्या ताप उतरण्यावर आमच्या घराने पुढची पंचवीस वर्षं काढली. सायली उशिरा चालली, उशिरा बोलली. चालली ना, बोलली ना, म्हणून सगळे खूश. शाळेत मात्र तिच्या डोक्यात काही टिकेना. सकाळी पाठ केलेलं दुपारी गेलेलं असायचं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. चौथीत असताना वर्गात पुन्हा झटका आला, गोळ्या सुरू झाल्या, पण त्याचा आणि त्या जुन्या तापाचा संबंध कुणी लावला नाही. तो बरा झाला होता ना! बाबा म्हणायचे, "हिला करायचंच नाहीये." आणि तिचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी हुशार होते. सातचा पाढा तिसऱ्यांदा चुकला, की मी तिच्या तळहातावर पट्टी मारायचे. ती हात मागे घ्यायची नाही. हात मागे घ्यायचा असतो, हेही तिला सुचत नाही, असं मी एकदा मैत्रिणींना हसत सांगितलं होतं.

हीच मुलगी मी पुढे माझ्या अर्जात लिहिली. विद्यापीठाला एक पानभर निवेदन हवं होतं, हे संशोधन तुम्हाला का करायचंय यावर. मी सायलीचा ताप लिहिला, झटके लिहिले, आईचं तोंड लिहिलं. पट्टी लिहिली नाही. निवड समितीतल्या एका बाईंनी नंतर मला सांगितलं, की ते पान वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिसा, शिष्यवृत्ती, लॅबची चावी, सगळं त्या पानाने दिलं.

लॅबमध्ये माझं काम उंदरांच्या पिल्लांवर होतं. जन्मून काही दिवस झालेल्या पिल्लाला आम्ही एकच सुई द्यायचो. तिच्यात जिवंत जंतू नसायचे, मेलेल्या जंतूंच्या आवरणाचा अंश असायचा. शरीराला वाटतं हल्ला झाला, आणि ते पेटून उठतं. दोन दिवसांत पिल्लू सावरतं, दूध पितं, वाढतं. मोठं झाल्यावर इतर उंदरांत सोडलं तर तुम्हाला ओळखू येणार नाही. मग परीक्षा घ्यायची. नवी जागा लक्षात ठेवायला त्याला जास्त वेळ लागतो. झटका लवकर येतो. मेंदूत काही पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. त्या लहानपणी एकदा जाग्या झाल्या त्या नीट झोपलेल्याच नसतात, जरा काही झालं की नको इतक्या धावून येतात. सूज गेलेली असते, पण ज्या दिवसांत मेंदूची जोडणी चाललेली असते, नेमक्या त्याच दिवसांत ती येऊन गेलेली असते.

पहिल्या वर्षी दर रविवारी सायली फोनवर विचारायची, "सापडलं?" मी म्हणायचे, अजून नाही. दुसऱ्या वर्षी तिने विचारणं बंद केलं आणि मला सुटल्यासारखं झालं. इथे भाड्याच्या खोलीत हीटर लावून बसलेली मी तिला काय सांगणार होते? की आम्ही औषध शोधतच नाही आहोत, बिघाड कसा होतो एवढंच मोजतो आहोत? तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे ठाऊक असेल. आपण ज्यांच्या नावाने निघतो, त्यांच्या कामाचं आपल्या हातून क्वचितच काही होतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात घरी गेले, तेव्हा मला बाहेर पडून आठ वर्षं झाली होती. दुपारी जेवणं झाली होती, बोरीवलीची आत्या आली होती. सायली आता इस्टेटमध्ये स्क्रूच्या पुड्या भरायला जाते. त्या आठवड्यात तिची मोजणी चुकली म्हणून सुपरवायझरने घरी फोन केला होता. बाबा आत्याला म्हणाले, "हिला डोकंच नाही, काय करणार." सायली तिथेच बसून मटार सोलत होती.

माझा तोल गेला. मी म्हटलं, तिला डोकं आहे, पण बाराव्या दिवशी त्याला इजा झाली; आळस नाही, हट्ट नाही, तो ताप आहे, तो अजून उतरलेला नाही. उंदीर, पेशी, सूज, सगळं सांगितलं. एका माणसाबद्दल असं ठामपणे सांगता येत नाही, हे आमच्या प्राध्यापकबाई दर मीटिंगला बजावतात. ते मी गाळलं. मला बाबांना हरवायचं होतं.

बाबा उठले. चप्पल घालून बाहेर गेले. मी जिंकले असं मला क्षणभर वाटलं. मग आईने विचारलं, "एक दिवस आधी नेलं असतं गो, तर?"

मी घाईघाईने नाही म्हटलं. तसं नसतं आई, सांगता येत नाही, तेव्हा कुणाला कळणार होतं. पण आधी मी इतकं ठासून बोलले होते, की आता या बोलण्याला काही किंमत उरली नव्हती. आई मान हलवत राहिली. पंचवीस वर्षं देवाने राखलं म्हणून जगलेली बाई माझ्यासमोर बसल्या बसल्या गुन्हेगार झाली.

आणि सायली. तिने मटारची परात बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मग तू मला मारायचीस ते कशाला?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नसलं की मारायचं?"

तिने परात परत पुढे ओढली. आत्याने चहाचं विचारलं.

आता माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलंय, इथे कायमची राहायची परवानगी मिळालीय. फोन अजून रविवारीच होतो. बाबा सायलीला काही बोलत नाहीत. चांगलंही बोलत नाहीत. सायली मला फक्त बातम्या सांगते. गेल्या रविवारी तिने सांगितलेली बातमी आईची होती.

आमच्या शेजारच्या सुनेला बाळ झालंय, महिन्याचं. मंगळवारी सकाळी ते जरा जास्त रडलं. आई गॅस बंद करून तशीच गेली, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल म्हणाली. सून म्हणाली, काकी, पोटात दुखत असेल. आईने ऐकलं नाही. बाळाला उचलून रिक्षात जाऊन बसली, सून ओढणी सावरत मागून धावली. डॉक्टरांनी तपासलं. काही नव्हतं, पोटात वारा धरला होता. शेजारी चिडलेत. सोसायटीत हे तिसरं बाळ, आईने असं उचलून नेलेलं. लोक म्हणतात, सावंतकाकींचं काहीतरी बिघडलंय. आता आई आली, की पोरं असलेली घरं दार लोटून घेतात.

"तू सांगून गेलीस ना," सायली म्हणाली. रागाने नाही, माहिती द्यावी तशी.

इथे लोक मला विचारतात, घरची आठवण येते का? येते म्हणते मी. घर म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे आता ती भिंत येते, जिच्या पलीकडे शेजाऱ्यांचं बाळ निजलेलं असतं, आणि अलीकडे माझी आई, हातातलं काम थांबवून, ते कसं रडतंय ते ऐकत उभी असते.