बुडबुड्यांचा डॉक्टर

भर लग्नात नवरदेवाकडं पाठ फिरवून परक्या बायांच्या कडेवरच्या लेकरांची झबली वर करून पाहणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि तो नेमका माझा मेहुणा निघावा, हे माझं नशीब! हा सरकारी दवाखान्यात लहान मुलांचा डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का, एवढंच त्याला पाहायचं असतं. पण ते त्या बाईला कुठून ठाऊक? एकदा मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला इतवारीच्या बाजारात गेला, तर शेजारच्या गिऱ्हाइकाचं तान्हं नाकपुड्या फुगवतंय म्हणून मायलेकरांना ऑटोत घालून थेट दवाखाना गाठला. बायको दुकानातच राहिली. "बरंच झालं," ती अजून म्हणते, "रंग तरी धड आले."

दवाखान्यात याचा सगळा जीव एका पाण्याच्या बाटलीत. न्यूमोनियानं दमलेल्या बाळाच्या नाकाला नळी लावून ऑक्सिजन सोडायचा आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचं. पाण्याच्या दाबानं इवलीशी फुप्फुसं मिटत नाहीत, आणि बाटलीत बुडबुडे येत राहतात. आता नातवाच्या नाकात नळी पाहून कुठल्या आजीला चैन पडेल? डॉक्टरची पाठ वळली, की आजीबाई नळी काढून मोकळ्या! इतर डॉक्टर अशा आज्यांना बाहेर हाकलतात. हा त्यांना बाटलीसमोर स्टुलावर बसवतो. "माय, हे बुडबुडे दिसून राहिले ना? थांबले का मले आवाज दे. बाकी मी पाहतो." मग त्या आज्या नर्सलासुद्धा बाटलीजवळ फिरकू देत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात माझा तीन महिन्यांचा नातू त्याच वॉर्डात दाखल झाला. बुडबुड्यांनी भागलं नाही तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवावं लागेल आणि मग काही सांगता येत नाही, असं मेहुण्यानं मला स्पष्टच सांगितलं. आणि डॉक्टरच्या सख्ख्या बहिणीनं, म्हणजे आमच्या हिनं, काय करावं? पोरगं रडलं म्हणून नळी काढली! त्याचे ओठ निळे पडले. मेहुणा धावत आला, नळी बसवली आणि सगळा वॉर्ड ऐकेल असा ओरडला, "ताई, नळीले हात काहून लावला वं? बस इथं!" ती बसली, ती जेवायलाही उठेना. मी फार भ्यालो होतो, हे कबूल करायला लाज कसली?

काही दिवसांनी पोराचा श्वास सावकाश झाला, नळी निघाली. मी संत्रा बर्फीचा डबा घेऊन वॉर्डात शिरायला, आणि मेहुण्यानं मला दारातच अडवायला एकच गाठ पडली. "भाऊजी, इथं नका वाटू," तो म्हणाला. "बाजूच्या खाटेवरचं लेकरू आत्ताच गेलं. त्याच्या आजीनं बाटलीवरची नजर एकदाही हलवली नव्हती जी."

मी डबा पिशवीत घातला. तो आत गेला आणि त्या आजीजवळ जमिनीवर बसला. ती अजून बाटलीकडंच पाहत होती, आणि तिला ऊठ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.