विंचू गोंदलेला हात

चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर ओरबाडून बापूसाहेबानं ते माझ्या तोंडात कोंबलं. खळ अजून ओली होती. कागद, खळ, लाल रंग, सगळं घशाशी आलं. दोघांनी माझे हात मागं पिरगाळून धरले होते.

"गीळ. मांगाच्या, गीळ म्हंतोय न्हवं!"

थोडं गिळलं. बाकीचं ओकलो. अर्धं गाव उभं होतं. कोणी हसत होतं, कोणी कापणीचा विळा हातात घेऊन नुसतं बघत होतं.

बापूसाहेब म्हणजे सरपंचांचा थोरला. माझ्याच वयाचा. आम्ही एकाच शाळेत शिकलो. तो आत बसून, मी दाराबाहेरच्या पायरीवर बसून.

आमचं गाव कोळवण खोऱ्यातलं. सरहद्दीवर लढाई पेटली होती. जखमी जवानांसाठी रक्त घ्यायला पुण्याचे डॉक्टर पौडला येणार होते. मी पुण्यात एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि भातकापणीला घरी आलो होतो. ग्रामसेवक मांगवाड्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "लोक रक्त द्यायला घाबरतात. बघताच उठून जातील असं एक पोस्टर काढ." मला आभाळ ठेंगणं झालं. केरसुण्या आणि दोर सोडून गाव पहिल्यांदाच आमच्याकडं काही मागत होतं.

पोस्टरवर रक्त देणारा हात हवा. हात काढायचा तर कोणीतरी तो समोर धरून बसायला हवा. मी आईला बसवलं. उपड्या पाटीवर तिनं हात पसरला आणि लाजली.

आई गावची सुईण. सरपंचांच्या घरापासून सगळ्या घरांतली पोरं तिच्याच हातात पडलेली. पोराला न्हाऊ घातलं की घरचे त्याच्यावर सोनं बुडवलेलं, सोन्याचं पाणी शिंपडायचे. म्हणजे आईचा विटाळ उतरला. मग आई अंगणाबाहेर बसायची आणि वरून टाकतील ते पदरात घ्यायची.

तो हात मी होता तसा काढला. दुसऱ्या कोणी गोरा, गुळगुळीत, कोणाचाच नसलेला हात काढला असता. मला ते सुचलंच नाही. मनगटावर गोंदलेला विंचू काढला. त्याच्या नांगीवरचा, उकळत्या पाण्यानं भाजल्याचा डागसुद्धा सोडला नाही. शेजारी लाल भरलेली बाटली. खाली लिहिलं: रक्त द्या, जवान वाचवा.

सकाळी ते चावडीवर डकवलं. पाणवठ्यावर जाणाऱ्या बायांनी लगेच ओळखलं. "अगं बया, ह्यो तर सुईनीचा हात!" त्यांना तो न ओळखून कसं चालेल? आणि हे बापूसाहेबाच्या कानावर गेलं.

"मांगिनीचं रगत आमच्या जवानांच्या अंगात घालतोस व्हय रं?" मी पोस्टर ओकल्यावर त्यानं बाही वर सारली. चांदीचं कडं घातलेला आपला हात माझ्या नाकापुढं नाचवला. "गावाचा हात ह्यो हाय. ह्यो काढ. उद्या सकाळच्याला हितं ह्यो दिसला पायजे."

मी ग्रामसेवकांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "अरे, काढ की. हातच तर आहे."

तेवढ्यात आई धावत आली. आल्याआल्या तिनं बापूसाहेबापुढं मातीत लोळण घेतली. "लेकरू हाय, चुकलं. पदरात घ्या." तिची बोटं पायाला लागतील म्हणून त्यानं पाय झटकला. वहाण तिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. तिचे हात तरीही जोडलेलेच.

मला तिचाच राग आला. मग कळलं, राग तिचा नाही. त्या जोडलेल्या हातांचा आहे. हे हात जोडायला ज्यांनी शिकवलं, त्यांचा आहे. कालच मी त्यातला एक किती जिवापाड रंगवला होता.

"न्हाई काढत," मी म्हणालो.

माझा उजवा हात चावडीच्या दगडी पायरीवर दाबला गेला. बापूसाहेबानं नाल ठोकलेली वहाण त्यावर आपटली. पुन्हा आपटली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पायरी लाल झाली.

"रगत द्यायचं व्हतं न्हवं? घे, दिलंस!"

लोक हसले. मी ओरडलो, "न्हाई काढत!" मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

मग आई उठली. तोंडातलं रक्त तिनं थुंकून टाकलं. विंचवाचा हात बापूसाहेबाच्या डोळ्यांपुढं धरला. "बापूसाब, तुमचं डोस्कं पयल्यांदा ह्याच हातात आलं. श्वास न्हवता. ह्याच हातानं उलटं धरून रडावलं तुमास्नी. किती बी सोन्याचं पानी शिंपडा, त्यो हात न्हाई जायाचा."

कोणी हसलं नाही. बापूसाहेब त्या हातावर थुंकला. आईनं तो हात त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला. सावकाश, दोन्ही बाजूंनी.

मग आम्हाला दोघांना ते दमेपर्यंत मारलं. दिवस मावळायच्या आत आमचं खोपट जळालं. माझे रंग, कुंचले, भाताच्या कणग्या, सगळं त्यात गेलं. ग्रामसेवकांनी काही पाहिलं नाही.

रक्त घ्यायच्या दिवशी आम्ही पौडला गेलो. डॉक्टरांनी माझा सुजलेला हात बघून मला बाजूला बसवलं. आईनं रक्त दिलं. त्याच हातातून. तिची बाटली बाकीच्यांच्या बाटल्यांत ठेवली. मी लाख बघितलं, कोणती कोणाची ते सांगता येईना. मी मोठ्यानं हसलो. खूप दिवस मनात साचलेली घाण त्या हसण्यातून बाहेर पडली.

गावात आम्ही परत गेलो नाही. आईनं सुईणपण सोडलं नाही, पण सोन्याच्या पाण्याचं भांडं दिसलं की ती उंबऱ्यातूनच मागं फिरते. माझी उजवी बोटं जुळली नाहीत. मी डाव्या हातानं शिकलो. रक्तदानाचं, शाळेचं, देवीच्या लशीचं, कसलंही काम असो, माझ्या चित्रातल्या हातावर विंचू असतो आणि नांगीवर डाग असतो. तो पुसायला सांगणाऱ्याचं काम मी करत नाही.

आणि कागदावर काढणं मी सोडलं. सरळ भिंतीवर काढतो, तेलरंगात, पुरुषभर उंच. भिंत कोणाच्या तोंडात कोंबता येत नाही.