डिंकाचे लाडू आणि आप्पांची किडनी

येळ्ळुरात कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की पहिलं बोलावणं आमच्या आत्यांना. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शालूबाई. डिंकाचे लाडू वळावेत तर त्यांनीच. ते खाऊन बाळंतिणीची सुटलेली हाडं सांधतात, असं त्या स्वतःच सांगतात. मी मुकाट मान हलवते, न्हायतर दिवसभर ऐकायला लागतंय!

सासऱ्यांना, रवळू आप्पांना, लई वर्षांची शुगर. औंदा लघवीला फेस यायला लागला, पाय सुजले, म्हणून मी दोघांना बेळगावला घेऊन गेलते. किडनीच्या डॉक्टर पारमिता, मूळच्या निपाणीच्या. म्हणाल्या, "किडनीत रक्त गाळणारी चाळण असते. तिथल्या पेशींना धरून ठेवणारी प्रथिनं साखरेमुळं कमी झालीत. पकड सुटलीय, म्हणून अंगातलं प्रथिन लघवीतून गळतंय. आत्ताच साखर आवरली तर किडनी टिकेल. नाहीतर डायलिसिस."

आप्पांचं तोंड पांढरं पडलं. आत्या मात्र बसमध्ये कसलातरी विचार करत बसल्या. मला वाटलं, घाबरल्यात.

पुढच्या तपासणीला साखर खाली यायची सोडून चढलेली, गळतीबी वाढलेली! मी आप्पांवरच डाफरले, "कुठल्या हॉटेलात काय खाताय, खरं सांगा!" तेवढ्यात आत्यांनी पिशवीतून डबा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "तुमच्यासाठी आणलाय. यांना रोज दोन देतोय मी. पकड सुटलीया म्हणालासा न्हवं? डिंकानं धरतंय बघा!"

"गुळाचे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, कडू करू व्हय?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आजी, पोटातला डिंक पेशी चिकटवत नाही हो. गुळानं साखर तेवढी वाढली. आणि रक्तवाहिन्यांत तर उलट आहे. तिथं चिकटवणारी प्रथिनं वाढलीत. त्यांना पांढऱ्या पेशी चिकटतात आणि सूज येते."

"अगं बाई! चिकट कमी झालंय का जास्त, एकदा ठरवा की!"

मलाबी तेच विचारायचं हुतं.

"दोन्ही," डॉक्टर म्हणाल्या. "प्रथिनं वेगळी, जागा वेगळी. मूळ मात्र साखरच."

त्यातलं आत्यांना किती कळलं देव जाणे, पण साखर कळली. त्या आप्पांकडं वळल्या. "तुमाला ठाव हुतं न्हवं, गूळ चालत न्हाय म्हणून? मग खाल्लासा कशाला?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "साऱ्या गावाला लाडू करून घातलेस. माझ्यासाठी पयल्यांदाच केलेस गं."

आत्यांनी डबा जवळ ओढला. मग डॉक्टरांना विचारलं, "आता यांना काय करून घालू?"

"वेगळं काही नको. गोळ्या वेळेवर द्या."

आत्यांनी डबा पिशवीत ठेवला. "गोळी काय, कुणीबी देतंय," म्हणाल्या, आणि तिथंच रडायला लागल्या.