भातपट्ट्यातला बुटका गांजा

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो. तमिळनाडूतल्या ओरत्तनाडूच्या बाजूचा हा एक मात्र विसरलेलो नाही, कारण त्याचा राग अजून उतरलेला नाही.

देशाची दारे तेव्हा परदेशी मालाला नुकती उघडली होती. तंजावूरच्या भातपट्ट्यातही ज्याच्या त्याच्या तोंडी निर्यातीची भाषा. कोणी परदेशात फुले पाठवणार होता, कोणी औषधी वनस्पती. मी तिथे सब-इन्स्पेक्टर होतो.

एका सकाळी कालव्याचे पाणी सोडणारा माणूस सायकल मारत ठाण्यात आला.

"सार, नारळीच्या बागेमागे प्लॅस्टिकचं छप्पर टाकलंय. आत पंखे फिरतात. वास असा की डोकं धरतं."

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि दुपारच्या आत छापा घातला.

छपराखाली गांजाच होता. पण मी तोवर पाहिलेला गांजा पुरुषभर उंच, बारीक पानांचा. हा माझ्या कमरेलाही लागत नव्हता. झुडपासारखा पसरलेला, पाने रुंद, काळपट हिरवी, आणि फुलांचे गच्च गोंडे. एक शेतमजूर त्याला पाणी घालत होता. "मालकांनी औषधाची झाडं म्हणून सांगितलं, अय्या," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता; अय्या म्हणजे तिकडे साहेब. मला ते उद्धट वाटले. मी त्याच्या कानाखाली वाजवली. मग पंचनामा, नमुने, सील, अटक. सगळे नियमाप्रमाणे.

जमीनमालक तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारा, माझ्यासारखाच पिढ्यानपिढ्या तिथे राहून घरी मराठी बोलणारा, परदेशात शिकून आलेला. चौकशीला आला तो खुर्ची ओढून स्वतःच बसला.

"जमीन त्याच्यावर सोपवली आहे. मी तिकडे फिरकतही नाही. हा गांजा इकडचाच, बांधावर आपोआप उगवतो. त्या लोकांना सवयच असते. तुम्ही आम्ही आपली माणसं, इथेच संपवा."

वरिष्ठांनाही तेच सोयीचे वाटले. माल सापडला, आरोपी सापडला, आरोपपत्र लिहा आणि मोकळे व्हा.

मजुराची बायको मात्र रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. एकदा मी तिच्यावर खेकसलो. ती उठली नाही. म्हणाली, "अय्या, झाड इथलं असतं तर त्याला पंखा कशाला लागला असता?"

मी वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिका बाईंना ठाण्यात बोलावले. जप्त केलेले एक झाड त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"हे इकडलं नव्हे," त्या आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाल्या. "आमच्याकडलं उंच जातं, पान निमुळतं, फुलून पिकायला तीन-चार महिने घेतं. हे हिंदुकुश डोंगराकडलं, अफगाणिस्तानच्या बाजूचं. तिकडे थंडी लवकर येते, म्हणून बुटकं राहून दोन महिन्यांत फूल उरकतं. कोरड्या हवेचं झाड. कावेरीची दमट हवा ह्यास सोसत नाही." त्यांनी एक गोंडा फोडला. आत राखाडी बुरशी होती. "हे बी कोणीतरी मुद्दाम आणलं आहे."

वाचता न येणारा मजूर हिंदुकुशाचे बी कुठून आणणार? मालकाला पुन्हा बोलावले. इकडचे तिकडचे विचारले आणि सहज सांगितले की सगळी झाडे गोणपाटात बांधून ठेवली आहेत.

"गोणपाटात?" तो ताडकन म्हणाला. "आतून सडून जातील! त्यांना वारा..."

मी विचारले, "न पाहिलेल्या झाडांची एवढी काळजी?"

पोलिसासमोरचे बोलणे कोर्टात टिकत नाही, पण झडतीला कारण मिळाले. त्याच्या कपाटात बियांची पाकिटे सापडली, आणि परदेशातल्या मित्राचे पत्र. छप्पर कसे घालायचे, पंखे कुठे लावायचे, सगळे त्यात लिहिलेले. तेव्हाही त्याची मान ताठच होती. "मी प्रयोग करत होतो," म्हणाला. प्रयोग ह्याचा आणि तुरुंग दुसऱ्याचा! अटकेच्या दुसऱ्याच दिवशी ह्याच्या छातीत कळ आली आणि हा इस्पितळाच्या पलंगावर जाऊन झोपला. मजुराच्या छातीत कळ आली असती तर आम्ही त्याला सोंग म्हटले असते.

पुढे मालकाला शिक्षा झाली. मजूर निर्दोष सुटला, पण तोवर सात आठवडे आत काढून. त्या सात आठवड्यांत बायकोने एकटीने लोकांच्या शेतात लावणी करून घर चालवले.

गरिबाचे म्हणणे खोटे धरून तपास सुरू करायचा आणि शिकलेल्याचे खरे धरून संपवायचा, ही आमची रीत होती. त्या रीतीत मीही होतो, हे या प्रकरणाने मला दाखवले. त्यानंतर मी आरोपीवर हात उचलला नाही. पण त्याने घडलेले पुसले जात नाही.

सुटल्यावर नवराबायको ठाण्यात आले. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याने हात जोडले. "अय्या, तुम्ही वाचवलंत."

त्याने शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. ते जोडलेले हात मला पाहवेनात. मी आत निघून गेलो.