माझ्या फियाटच्या बंपरला फासलेला रंग

आज रविवार, सकाळी सव्वानऊ. कंपनीच्या टाऊनशिपच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. चहा घेऊन परतले, तर माझ्या फियाटच्या क्रोमच्या बंपरवर चंदेरी ऑइलपेंट! ह्यांच्या माघारी मी स्वतःच्या हातांनी घासून जपलेला मूळचा बंपर.

प्रदर्शन समितीच्या सचिवांना जाब विचारला.

"मॅडम, बडे साहब येणार म्हणून सगळं रंगाने पोतून घेतलं. झाडं, दगड, गाड्यासुद्धा. बघा, नवी दिसतेय की!"

"मी आत बसले असते, तर मलाही पोतलं असतंत?"

यावर हसले निर्लज्जपणे. किळस आली मला या साहेबभक्तीची. तुमच्या वस्तूला कुणी असा हात लावला तर चालेल?

समितीचे लोक या ग्रुपवर आहेत. क्रोमला ओरखडा न येता रंग कोण आणि कसा उतरवणार, ते बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवा. हात जोडलेले इमोजी पाठवू नका.