शाळेत घर्षण आढळले नाही

ज्या अर्जामुळे भोपाळहून साहेब आमच्या शाळेची चौकशी करायला आले, तो अर्ज मीच लिहिला होता. स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात आणि माझ्या समजुतीप्रमाणे अगदी शुद्ध हिंदीत.

मध्यभारत जाऊन नुकताच नवा मध्यप्रदेश झाला होता. त्याआधी आमचं संस्थान मध्यभारतात विरघळलं होतं, त्यामुळे ग्वाल्हेरच्या लोकांना विरघळण्याची सवय होती. या वेळी राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग कचेऱ्या निघाल्या. मी लष्कर भागातल्या मुलींच्या एका सरकारी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवत असे. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि दोन कपाटं. ती खोली एका कचेरीने मागून घेतली. भोपाळला जायचे कागदांचे गठ्ठे तिथे चार दिवस ठेवायचे होते. ते चार महिने राहिले. कपाटं हलवताना हवेचा दाब मोजायच्या यंत्राची काचेची नळी फुटली आणि मुली दुपारभर पाऱ्याचे मणी पकडत फिरल्या. घर्षणाच्या प्रयोगाचा लांब पाट व्हरांड्यात पडून राहिला, पावसात भिजला आणि मधोमध फुगला.

हा प्रयोग साधा. पाटावर लाकडी ठोकळा ठेवायचा, त्याला दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडायची, दोरीच्या टोकाला पारडं. पारड्यात वजनं टाकत जायचं. ठोकळा सरकला की पारड्यातल्या वजनाला ठोकळ्याच्या वजनाने भागायचं. येतो तो घर्षणाचा गुणांक. पण पाट फुगल्यावर तो सोमवारी एक यायचा, मंगळवारी दुसरा, आणि मुली मला विचारायच्या, "बहनजी, कौनसा लिखें?"

म्हणून मी नवी उपकरणं मागायचं ठरवलं. त्याच सुमारास फर्मान आलं होतं, की पत्रव्यवहार हिंदीत करावा, इंग्रजी शब्द वापरू नयेत. सोबत शास्त्रीय शब्दांची एक यादी होती. मी ती घरी घेऊन आले आणि मोठ्याने पाठ करू लागले.

"गुणांक, गुणांक..."

स्वयंपाकघरातून आई लगबगीने आली. "कोणाशी? किती जुळले?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. घरात गुण म्हटलं की छत्तीसपैकी किती, एवढाच प्रश्न उरला होता.

यादीत प्रेशरला 'दाब' दिलं होतं. इथेच मी शहाणपणा केला. दाब हा तर आपला घरचा मराठी शब्द! तो वाचून भोपाळचे लोक म्हणतील, या मराठी बाईला हिंदी येत नाही. ज्येष्ठतेच्या याद्या बनत होत्या, कोणाला काय येतं आणि काय येत नाही याची नोंद होत असल्याची कुजबुज होती. मराठीत हवेचा असतो तो दाब, आणि माणसावर आणतात तो दबाव, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दाब खोडून दबाव लिहिला. तो जास्त हिंदी दिसत होता.

अर्ज असा झाला: "निवेदन है कि इस विद्यालय में दबाव नापने का कोई साधन शेष नहीं है. घर्षण भी ठीक नहीं है, उसका गुणांक प्रतिदिन बदलता है. छात्राओं पर इसका बुरा प्रभाव पड़ रहा है. कृपया शीघ्र उचित व्यवस्था करें."

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तो वाचला. ते दरबारच्या कचेरीत अर्जनवीस म्हणून राहिलेले, आता पेन्शनवर. चष्मा काढून म्हणाले, "वजनदार आहे. असा अर्ज कोणी बाजूला नाही ठेवणार."

ते खरं ठरलं. बड्या बहनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, न वाचता सही केली, आणि तीन आठवड्यांत भोपाळहून उत्तर आलं. बड्या बहनजींनी मला बोलावलं आणि ते पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"आपने ऊपर शिकायत की? मेरे ही दस्तखत से?"

पत्रात लिहिलं होतं, की शाळेत शिक्षिकांमध्ये वाढते घर्षण आणि बाहेरचा दबाव असल्याचे कळले आहे, मुलींवर त्याचा परिणाम होत आहे, सबब चौकशीसाठी अधिकारी येत आहेत.

मी हसले असते, पण हसण्यासारखी स्थिती नव्हती. कारण शाळेत घर्षण खरंच होतं. ते माझ्यात आणि गणिताच्या बहनजींमध्ये होतं.

या बाई रीवाकडच्या. माझ्यानंतर चार महिन्यांनी रुजू झाल्या, पण सगळ्या जुन्या राज्यांच्या शिक्षकांची एकत्र यादी कच्ची म्हणून निघाली, तेव्हा त्यांचं नाव माझ्या वर एक ओळ होतं. नवरा सरकारी खात्यात, थाटीपुरला क्वार्टर. मी मनाशी ठरवून टाकलं की नाव आपोआप वर चढत नाही, कोणीतरी उचललं असणार. त्या दिवसापासून आम्ही बोलत नव्हतो. खडू हवा असला तरी शाळेतल्या शिपाईणबाईमार्फत निरोप जायचा. सहा महिने हे चाललं होतं, आणि गंमत अशी की अर्ज लिहिताना मला याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

पत्र आलेल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मेरा नाम लिखा है क्या?" एवढंच विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

साहेब आले ते पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ. नागपूरच्या सचिवालयातून भोपाळला पाठवलेले. कुटुंब नागपुरातच, आणि स्वतः एका खोलीत तिघांबरोबर राहत होते. त्यांनी एकेका शिक्षिकेला बोलावून विचारलं, "घर्षण है क्या?" प्रत्येकीने "जी नहीं" म्हटलं. "दबाव?" "बिलकुल नहीं." माझ्याकडे न पाहणाऱ्या गणिताच्या बहनजींनीही तेच सांगितलं.

शेवटी माझी पाळी. मी त्यांना सरळ व्हरांड्यात नेलं, फुटकी नळी आणि फुगलेला पाट दाखवला. त्यांनी पाटाच्या फुगवट्यावरून बोट फिरवलं. मग एकदम मराठीत म्हणाले, "बाई, तुम्हाला दाब म्हणायचं होतं."

"हो."

"मग दबाव का लिहिलंत?"

"हिंदी चांगली वाटावी म्हणून."

ते हसले नाहीत. "माझीही हिंदी तिथे कोणाला चांगली वाटत नाही," म्हणाले. मग कपाळ चोळत, "पण फाइल उघडली गेलीय. आता काहीतरी निष्कर्ष लिहूनच बंद करावी लागेल. हा प्रयोग करून दाखवा. आकडेमोड कोण करतं?"

आकडेमोडीला गणिताच्या बहनजी आल्या. पाटाचं एक टोक डुगडुगत होतं, ते कोणीतरी धरायला हवं होतं. आजूबाजूला दुसरं कोणीच नव्हतं. सहा महिन्यांनंतर मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "जरा पकडिए."

त्यांनी पाट धरला. मी वजनं टाकली. पहिल्या खेपेला ठोकळा लगेच सरकला, दुसऱ्या खेपेला फुगलेल्या जागी अडला, तिसऱ्या खेपेला अडून अडून एकदम उसळला आणि साहेबांच्या बुटावर पडला. तिन्ही गुणांक वेगळे आले. बहनजींनी ते वहीच्या पानावर नीटनेटके मांडले.

साहेबांनी त्यांना विचारलं, "आप सच बताइए. गलती प्रयोग की है या इनकी?"

सूड घ्यायचा असता तर एक शब्द पुरेसा होता. शिवाय माझ्याबद्दल त्यांना काय वाटतं ते मला माहीत होतं.

"तख्ता खराब है," त्या म्हणाल्या. "इनका काम ठीक है. हमेशा ठीक रहता है."

साहेब गेल्यावर आम्ही दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. मी म्हणाले, "शुक्रिया." त्या एकदम रडायला लागल्या. नवऱ्याची कचेरी भोपाळला गेली होती, क्वार्टर रिकामं करायची नोटीस आली होती. सासूला घेऊन त्या एकट्याच होत्या, आणि भोपाळला बदली मागणारे त्यांचे दोन अर्ज परत आले होते.

"मैंने सोचा, आपने रुकवाई," त्या म्हणाल्या. "आप लोग तो दरबार वाले हैं. आपकी पहुँच है."

मी आप्पांची ओळख सांगितली: अर्जनवीस, पेन्शन महिन्याच्या महिन्याला उशिरा, त्यांचंच प्रेशर वाढलेलं, आणि पोहोच फार तर टोपी बाजारपर्यंत. मग मी कबूल केलं, की यादीत त्यांचं नाव त्यांच्या नवऱ्याने वर चढवलं, असं मी धरून चालले होते. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "उनसे तो अपना तबादला न रुका." खरं कारण नंतर कळलं. यादी वर्णानुक्रमे टाइप केली होती.

महिन्याभराने निकाल आला. शाळेत घर्षण आढळले नाही, दबाव आढळला नाही. सबब कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. खाली एक ओळ होती, ती बहुधा साहेबांच्या वरच्या कोणीतरी घातली असावी. भविष्यात घर्षण होऊ नये म्हणून प्रयोग करणाऱ्या दोन शिक्षिकांपैकी एकीची भोपाळला बदली करण्यात येत आहे.

ती एक मी होते.

घरी आईने अंथरूण धरलं, आणि आप्पा पहिल्यांदाच म्हणाले की अर्ज जरा कमी वजनदार लिहायला हवा होता. गणिताच्या बहनजी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच गोरखीजवळच्या आमच्या घरी हजर. आईने केलेले पोहे खाता खाता त्यांनी एक अर्ज लिहिला. दोघींच्या नावाने, चार ओळी: एकीला जायचं आहे, दुसरीला राहायचं आहे, अदलाबदल करावी. मी एक विशेषण सुचवलं, तर त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"आप कुछ मत लिखिए," त्या म्हणाल्या. "बस दस्तखत कीजिए."

दोन महिन्यांनी तो मंजूर झाला. मी त्यांना आणि त्यांच्या सासूबाईंना स्टेशनवर पोहोचवायला गेले. आईने त्यांच्यासोबत गूळपोळ्या दिल्या होत्या. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, त्यामुळे वर्षभर त्यांचे गणिताचे तासही मीच घेतले, आणि त्या किती मेहनतीने शिकवत होत्या हे मला त्यांच्या मुलींच्या वह्यांवरून कळलं.

भोपाळहून त्यांचं पत्र आलं. नवरा, सासू, स्वतः असे तिघं एका बराकीत राहत होते आणि सुखी होते. नव्या शाळेत गणिताची जागा भरलेली निघाली, म्हणून त्यांना शिवणकाम दिलं होतं. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. मुलीच ओवून देतात, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मुख्याध्यापिका खूश आहेत, कारण वर्गात फार शांतता असते.