हाडाचा चुरा

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी अकोल्याला शेतकी कॉलेजात होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सुटीत अमडापूरजवळच्या गावी आलो तेव्हा गाय व्यायला झाली होती. बांधली की भिंतीची माती चाटायची, सोडली की शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, एखादं हाड चघळायची. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तिच्या तोंडावर काठी हाणायचे.

तिला खनिजं कमी पडत असावीत, असं मला वाटलं. वर्गात ऐकलं होतं, करून पाहिलं नव्हतं. तरी चिखलीहून आंबोणात कालवायला चुऱ्याची पुडी आणली.

"हे काय होय बे?" मोठ्या बाबांनी विचारलं.

मला खोटं सुचलं नाही. "उकळून दळलेलं हाड."

"कोन्या जनावराचं?"

त्यांनी पुडी उकिरड्यावर फेकली. "गाईले गाईचं हाड चारून राह्यला. हेच शिकाले धाडलं काय तुले?" त्यांच्या बायकोनं, मोठ्या मायनं, आंबोणाचं टोपलं राखेनं घासलं, माझ्याकडे बघत.

गाय एका सकाळी व्याली. दुपार झाली तरी जार, म्हणजे वार, पडला नाही. आमच्याकडे जार पडल्याशिवाय गाय पिळत नाहीत, वासरालाही लावत नाहीत. कास दगडासारखी घट्ट झाली. मागचा एक सड लाल आणि गरम लागत होता.

"मोठे बाबा, थोडी पिळू द्या. सड जाईल तिचा. वासरूही उपाशी हाये."

"तुह्या हाडानंच जार अटकला."

"तिनं तर ते खाल्लंच नाही."

"पुडी तर गोठ्यात आली होती."

वडील दारात बसून ऐकत होते. थोरल्या भावापुढं ते कधी बोलत नसत.

मोठे बाबा बैलांना पाण्यावर घेऊन गेले, तसा मी तांब्या घेऊन कासेखाली बसलो. गाय थरथरली, पण तिनं लाथ मारली नाही. त्या लाल सडातून दह्यासारख्या गुठळ्या आल्या, मग पिवळं पाणी. दुसऱ्या सडाला हात घालणार तोच मागून माझी कॉलर ओढली गेली. तांब्या मोठ्या बाबांच्या लाथेनं उडाला.

"पुन्हा गोठ्यात दिसला तर तंगडं मोडीन."

संध्याकाळी जार पडला. मग त्यांनी गाय पिळली. तीन सडांतून चीक आला. चौथ्यातून रक्ताचं पाणी, आणि पुढं तेही आटलं.

मोठ्या मायनं खरवस केला. वाटी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मोठे बाबा सांगत होते, "सड कॉलेजवाल्यानं घालवला. जार पडाच्या आंधी हात लावला." लोक माझ्याकडे बघत आणि वाटी झाकून नेत. माझ्या ताटात खरवस आला नाही. मी मागितलाही नाही.

सुटी संपायच्या आधीच मी निघालो. वासरू आटलेल्या सडाला ढुशा देत होतं. गाय पुन्हा भिंत चाटत होती, आणि मोठे बाबा काठी शोधत होते.